सातबाऱ्यातली माहिती मॉडेलकडून काढताना या चुका टाळा

स्कॅन केलेल्या सातबाऱ्यातून खातेदार, क्षेत्र, फेरफार क्रमांक काढून तक्त्यात भरायचे काम भाषा-मॉडेल झटपट करते. पहिले शंभर उतारे बरोबर निघाले की आपण तपासणे सोडून देतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रत्येक रकाना सक्तीचा ठेवणे. कागदावर फेरफार क्रमांक पुसट झालेला असतो, पण तुमच्या स्कीमात (कोणते रकाने भरायचे ते सांगणाऱ्या आराखड्यात) तो हवाच असतो. मग मॉडेल कुठला तरी आकडा घालून मोकळे होते. जेसन (मॉडेलच्या उत्तराची ठरावीक मांडणी) निर्दोष, आकडा मनचा. तो खऱ्यासारखाच दिसत असल्याने पुढे कुणालाच खटकत नाही. म्हणून ‘सापडले नाही’ म्हणायची मुभा स्कीमातच द्या. प्रत्येक मूल्यासोबत मूळ ओळ जशीच्या तशी मागा आणि ती मजकुरात खरोखर आहे का, हे साध्या कोडने पाहा. मॉडेल स्वतःच सांगते त्या खात्रीच्या टक्क्यांवर मी तरी विसंबत नाही.

क्षेत्राचेही तसेच. ०.४०.०० म्हणजे ४० आर, एकरापेक्षा किंचित कमी. मॉडेल त्याचे ४० हेक्टरही करू शकते किंवा ०.४० एकरही. इथे प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेली सूचना) घासत बसू नका. हेक्टर आणि आर वेगळ्या रकान्यांत घ्या, रूपांतर कोडमध्ये करा. पडताळा कागदातच आहे: लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराबा म्हणजे एकूण क्षेत्र. बेरीज चुकली तर कुठे चुकली ते सांगून एकदा पुन्हा विचारा. तरीही जुळली नाही तर नोंद माणसाकडे पाठवा.

टेंपरेचर (उत्तरात किती फरक पडू द्यायचा ते ठरवणारा आकडा) शून्य केले की दरवेळी तेच उत्तर येईल, हाही गैरसमजच.

अंक आणि अक्षरे आधी एकसारखी करून घ्या. प्रोग्रॅमिंग भाषांपैकी पायथन ‘४०’ हा आकडा म्हणून वाचतो, जावास्क्रिप्ट वाचत नाही. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा र युनिकोडमध्ये (अक्षरांच्या संगणकीय संकेतांत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि नेहमीचे नॉर्मलायझेशन (असे संकेत एकसारखे करणे) त्या दोन्ही एक करत नाही. मग एकच माणूस दोन खातेदार होतो.

याच्या उलटही घडते. देवनागरीला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे करते ते तुकडे) लागतात. सामाईक खात्यातली लांबलचक यादी उत्तराची टोकन-मर्यादा संपल्यावर मध्येच तुटते आणि जेसन दुरुस्त करणारी लायब्ररी गुपचूप कंस बंद करते. त्रुटी कुठेच दिसत नाही, पण शेवटचे वारस गळालेले असतात. उत्तर का थांबले ते प्रत्येक वेळी तपासा. मर्यादेमुळे थांबले असेल तर ते दुरुस्त न करता टाकून द्या आणि यादी तुकड्यांत काढा.