उबंटूवर ऑफिसचं आउटलुक: पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाही

उबंटूवरच्या थंडरबर्ड या मेल अ‍ॅपमध्ये ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट ३६५ खातं टाकलं की पासवर्ड पुन्हापुन्हा विचारला जातो. पासवर्ड बरोबरच असतो. पण ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आयमॅपसाठी (मेल अ‍ॅपमध्ये मेल आणायची पद्धत) नुसत्या पासवर्डवर चालणारं लॉगिन बंद करत आणलं, आणि जुन्या खात्यांची सेटिंग तशीच राहिलेली असते.

अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडा. सर्व्हर आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. ऑथेंटिकेशन मेथड ‘नॉर्मल पासवर्ड’वरून ‘ओऑथ२’ (मायक्रोसॉफ्टच्या खिडकीतून होणारं लॉगिन) करा. हाच बदल आउटगोइंग, म्हणजे मेल पाठवणाऱ्या, सर्व्हरलाही हवा (पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस), नाहीतर मेल येते पण जात नाही. बहुतेक जण इथेच अडकतात. लॉगिनची खिडकी कोरी दिसली तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. ‘अ‍ॅडमिनची परवानगी हवी’ असं आलं तर उपाय आपल्या हातात नाही; आयटीवाल्यांना सांगा, तोवर ब्राउझर वापरा.

ब्राउझरमध्ये कॅलेंडर साडेपाच तास मागे दिसतं? उबंटूचं घड्याळ बदलत बसू नका. वेबवरचं आउटलुक मेलबॉक्समध्ये साठवलेला टाइम झोन धरतं. तो यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असेल तर सकाळी ११ची मीटिंग ५:३०ला दिसते. आउटलुकच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ निवडा.

आउटलुकमधून कॅलेंडर पब्लिश करून मिळालेली आयसीएस लिंक (कॅलेंडरच्या फाइलची लिंक) थंडरबर्डला जोडता येते, पण ती फक्त वाचायला. मीटिंगला होकार द्यायचा तर ब्राउझरच बरा.