गेमिंग लॅपटॉप घेण्याआधी: बाकी काही विसरा, वॅट विचारा

बॅग, माउस, कीबोर्डखालचे रंगीत दिवे यांबद्दल इथे काही नाही. ते कुणीही सांगेल. ही यादी झाली ती एका आकड्यामुळे, जो मागच्या खरेदीत विचारायचाच राहिला होता: ग्राफिक्स कार्ड किती वॅटवर चालतं. हा आकडा खोक्यावर नसतो, झाकणाच्या स्टिकरवर नसतो, आणि दुकानात विचारलात तर समोरचा बहुधा चार्जरचे वॅट सांगून मोकळा होतो. तरी विचारा.

एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स चिपला ३५ ते ११५ वॅटपर्यंत कितीही वीज दिली जाऊ शकते. किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो, कारण तेवढी उष्णता बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या, पंखे आणि जाडी लागते. चिप तीच, कोअर तेच ३०७२, नाव तेच, पण क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १४७० मेगाहर्ट्झपासून २३७० पर्यंत कुठेही. चपळ, पातळ, कॉलेजात मिरवायला छान दिसणाऱ्या लॅपटॉपमध्ये ४५ वॅटचीही ४०६० बसवलेली असू शकते. तिच्या शेजारी ९० वॅटची ४०५० ठेवली तर कितीतरी गेममध्ये स्वस्तातली ४०५० पुढे जाते. म्हणजे ४०५० वरून ४०६० वर जायला मोजलेले जादा पैसे पाण्यात.

उलटही लक्षात ठेवा. ४०६० ला साधारण १०० वॅटच्या पुढे फारसा फायदा होत नाही, व्होल्टेजची मर्यादा आड येते. त्यामुळे जाहिरातीतला १४० वॅट, म्हणजे ११५ आणि वर प्रोसेसरच्या वाट्यातून उसने घेतलेले २५, बघून हुरळायचं कारण नाही. ४० नंतरच्या ५० मालिकेत ५०६० ला ४५ ते १००, ५०७० ला ५० ते १०० अशी पट्टी आहे. ४०६० असो की ५०६०, ८५-९० च्या खाली असेल तर दुसरं मॉडेल बघा.

आकडा शोधायचा कुठे? कंपनीच्या पानावर, पण पूर्ण मॉडेल नंबर टाकून. एकाच नावाखाली पाच-सात प्रकार विकले जातात आणि शेवटच्या तीन-चार अक्षरांत सगळा फरक असतो. तिथे ग्राफिक्सच्या ओळीत ‘अमुक मेगाहर्ट्झ, तमुक वॅट’ किंवा ‘टीजीपी’ (ग्राफिक्सचे एकूण वॅट) असं लिहिलेलं सापडतं. नसेल तर दुकानात चालू मशीनवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, हेल्प, मग सिस्टम इन्फर्मेशन. त्या यादीत ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ ही ओळ असते. मशीन चालू करून दाखवायला कुणी तयार नसेल तर चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. २० व्होल्ट ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॅट. २० व्होल्ट ७.५ अँपिअर म्हणजे १५०. दीडशेच्या चार्जरवर प्रोसेसर, पडदा, पंखे आणि बॅटरी भागवून ग्राफिक्सला १४० उरतील का, हा हिशेब पाचवीतला पोरगाही करील.

कोकणात अर्धे लॅपटॉप मुंबईच्या चाकरमान्याकडून येतात. गणपतीला येताना घेऊन ये, असं फोनवर ठरतं आणि तो बिचारा ‘४०६० वाला, सोळा जीबी’ एवढ्यावर दुकानात जातो. तसं करू नका. पूर्ण मॉडेल नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि खाली वेगळ्या ओळीत वॅट लिहा. दुकानदार ‘हा नाही, पण सेम टू सेम दुसरा आहे’ म्हणाला तर पैसे देण्याआधी त्याचाही नंबर मागवा. सेम टू सेम नसतो, वॅटमध्येच मारतात.

आता कशावर जादा पैसे घालायचे. साधी विभागणी: जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज खर्च करा. ग्राफिक्स, तिची मेमरी, प्रोसेसर हे बोर्डावर डकवलेले असतात. पडदा बदलता येतो, पण त्या भानगडीत कुणी पडत नाही. रॅम, एसएसडी आणि बहुतेकदा वाय-फाय कार्ड नंतर बदलता येतं.

ग्राफिक्सची मेमरी बघा. लॅपटॉपच्या ५०५०, ५०६० आणि ५०७० तिन्हींना ८ जीबीच आहे, १२ जीबी ५०७० टीआयपासून सुरू होते. नवे गेम टेक्सचर, म्हणजे भिंती-कपड्यांवरची बारीक चित्रं, वरच्या दर्जावर ठेवली की ८ जीबी भरून टाकतात आणि मग चिप कितीही जोरदार असली तरी खेळ अडखळतो. म्हणून ५०६० वरून ५०७० वर उडी मारण्यात मला राम दिसत नाही. टीआय परवडत असेल तर थेट तिकडे, नाहीतर भरपूर वॅटची ५०६० घेऊन उरलेले पैसे पडद्यावर घाला.

प्रोसेसरमध्ये इंटेलचा आय-५ की आय-७ यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. ८ जीबीच्या कार्डासोबत फरक थोडा. नावं मात्र नीट वाचा. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत तिसरा आकडा पिढी सांगतो: ७८४० मध्ये ४ म्हणजे झेन ४, ७७३५ मध्ये ३ म्हणजे जुनीच झेन ३ प्लस, नवं लेबल लावून. आणि ७४३५एचएसमध्ये स्वतःचं ग्राफिक्सच नाही, त्यामुळे नुसती पीडीएफ वाचतानाही मोठं कार्ड चालू राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. गावात लाईटचा भरवसा नसेल तर हा प्रोसेसर टाळा.

पडद्यात हर्ट्झ सगळे विचारतात, रंग कुणी विचारत नाही. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला पडदा धुतल्या कापडासारखा फिका दिसतो, २५० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) असेल तर ओटीवर किंवा खिडकीजवळ त्यात स्वतःचं तोंडच दिसेल. १०० टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) आणि ३०० निट्सच्या पुढचा घ्या. २५६० बाय १६०० च्या पडद्यावर फुल एचडीच्या जवळजवळ दुप्पट ठिपके रंगवावे लागतात, तेव्हा कमी वॅटच्या कार्डाला तो गळ्यातला धोंडा होतो. पुन्हा वॅटच! मक्स स्विच आहे का तेही विचारा. तो असला की मोठं कार्ड थेट पडद्याला जोडता येतं, प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सचा वळसा पडत नाही आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात.

रॅम. ‘नंतर टाकू’ हा जुना सल्ला होता, पण २०२५ च्या अखेरीपासून भाव असे भडकले आहेत की कंपनीकडूनच १६ ऐवजी ३२ घेणं कधी कधी स्वस्त पडतं. दोन्हीकडची किंमत त्याच दिवशी विचारून ठरवा. प्रश्न चार: स्लॉट किती, सोल्डर केलेली (बोर्डावर कायमची डकवलेली) किती, आत्ता स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, एक की दोन, आणि डीडीआर४ की ५. एलपीडीडीआर५एक्स लिहिलं असेल तर ती बहुधा बोर्डाला डकवलेली, आयुष्यभर तेवढीच. एकच स्टिक असेल तर मेमरीचा अर्धाच रस्ता चालू असतो आणि गर्दीच्या प्रसंगात फ्रेम गचके खातात. दुकानातून जादा स्टिक टाकून घेत असाल तर समोर उभं राहून टाकून घ्या आणि मूळची काढली तर ती परत मागा, ती तुमची आहे. घरी टाकत असाल तर: मशीन पूर्ण बंद, चार्जर काढलेला, मागचे स्क्रू ज्या जागचे त्या जागी कागदावर मांडलेले (दोन-चार लांब असतात, ते चुकीच्या भोकात गेले तर वरचं कव्हर फुटतं), मग सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा. स्टिक तिरकी, साधारण ३० अंशात, सोनेरी कड दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज आला पाहिजे. मे महिन्यात घामेजल्या बोटांनी सोनेरी पट्टीला हात लावू नका. पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर काळा राहिला तर घाबरून बटण दाबू नका, डीडीआर५ ला जुळवून घ्यायला वेळ लागतो.

एसएसडी ५१२ ची विंडोजमध्ये ४७६ दिसते, चार मोठे गेम टाकले की संपली. दुसरा स्लॉट आहे का आणि तो २२८० मापाचा (८० मिलिमीटर लांब) की आखूड २२४२ (४२ मिलिमीटर), एवढं विचारून ठेवा. वर जाड हीटसिंक लावलेली डेस्कटॉपची एसएसडी मागच्या झाकणाखाली मावत नाही. जुनी बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा, कागदावर. त्याच लॅपटॉपमध्ये नोट्स म्हणून नको.

वीज. चांगल्या वॅटचं कार्ड म्हणजे मोठा चार्जर, हे आलंच. बॅटरीवर गेम चालतो तो नावापुरता, बहुतेक मशीन ग्राफिक्सचे वॅट निम्म्याखाली आणतात. म्हणजे लाईट गेली की इन्व्हर्टर. तो साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर चार्जर गुणगुणतो आणि तापतो. १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, पण पंखा-दिव्यांसकट ३०० वॅटचा भार असेल तर प्रत्यक्षात तीन-चार तास धरा. टाइप-सीचा १०० वॅटचा चार्जर अभ्यासाला ठीक, खेळाला नाही. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर लॅपटॉप बिघडलेला नाही, बहुधा घराला अर्थिंग नाही. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. वळवाच्या गडगडाटात प्लग काढा, लॅनची वायरही.

उन्हाळ्यात खोली थंडीपेक्षा जितके अंश गरम, चिपही साधारण तितकेच अंश वर जाते. समुद्राकडच्या खिडकीत लावून बसू नका, पंखे खारा वारा ओढतात आणि पोर्टच्या पिना हिरवट पडतात. पावसात कपाटात महिनाभर बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालवलात तर स्वतःच्या उष्णतेने सुकतो.

वॉरंटी: ऑनसाइट, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, लिहिलं म्हणजे तुमच्या पिनकोडला येतातच असं नाही. पिनकोड टाकून बघा किंवा हेल्पलाइनला विचारा. केंद्र कोल्हापुरात निघालं तर प्रत्येक तक्रारीला आंबा घाट. पाणी सांडणं साध्या वॉरंटीत येत नाही, त्याचं कव्हर वेगळं आणि ठरावीक मुदतीतच मिळतं. मागचं झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का, हे ईमेलवर लेखी घ्या.

वाय-फाय कार्ड भिकार निघालं तर बदलता येतं. एएमडीच्या मशीनला इंटेलचं एएक्स२१० कार्ड चालतं, एएक्स२०१ नाही. लॅनचा पोर्ट असला तर उत्तम.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. विंडोज पहिल्यांदा लावायला नेट लागतं, हॉटस्पॉट तयार ठेवा. अपडेट, ग्राफिक्स ड्रायव्हर, मृत ठिपक्यांसाठी पांढरा पडदा, एक तास गेम. आणि परत करायची मुदत संपायच्या आत कंट्रोल पॅनेल, हेल्प, सिस्टम इन्फर्मेशन. चाकरमान्याला पाठवलेल्या ओळीतला आकडा आणि इथला आकडा एकच आहे का बघा. नसेल तर तो मुंबईला परतायच्या आधीच लॅपटॉप बिलासकट त्याच्या बॅगेत गेला पाहिजे.