ओटीपोट आणि मायांगाचे जुनाट दुखणे: उपचार कसे घ्यावेत

ओटीपोटात सहा महिन्यांहून किंवा मायांगाशी, म्हणजे योनीमुखाशी, तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत असेल, तर ‘बायकांना असे व्हायचेच’ म्हणून ते अंगावर काढू नये. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे दुखणे मनाचे, असेही नव्हे. एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) बारीक ठिपके, आवळलेले स्नायू किंवा दुखावलेली नस तीत बहुधा दिसत नाही.

तपासणीपूर्वी, भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब लिहितो, त्यावरच महिनाभर दुखण्याला रोज शून्य ते दहा गुण द्यावेत आणि पाळी, लघवी, शौच, शरीरसंबंध यांच्या खुणा कराव्यात. कोथरूडहून हडपसरपर्यंत स्कूटरवर बसून दुखणे वाढते आणि उभे राहिल्यावर उतरते का, हेही लिहावे, कारण त्यावरून नसेचा संशय घेता येतो. योनीमुखाच्या तपासणीत डॉक्टर ओलसर कापसाची काडी घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेका जागी हलकेच टेकवतात. कुठे झोंबते ते सांगावे, आणि नको वाटल्यास थांबवायला सांगावे.

पाळीबरोबर वाढणाऱ्या दुखण्यावर बहुधा आधी हार्मोनच्या गोळ्या देतात. स्नायू आवळलेले असल्यास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी घ्यावी. यात श्वासाबरोबर स्नायू सैल सोडायला शिकवतात. मैत्रिणीने सांगितले म्हणून कीगल व्यायाम, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचे व्यायाम, सुरू करू नयेत, कारण आधीच आवळलेला स्नायू आणखी आवळला तर दुखणे वाढते. नसेच्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलीन देतात, बहुधा १० मिलिग्रॅमपासून. हे मूळचे नैराश्यावरचे औषध असल्याचे वाचून अनेकजणी ते परस्पर बंद करतात. वास्तविक इथे मात्रा अल्प असते आणि गुण यायला काही आठवडे लागतात. झोंबणाऱ्या जागी लिडोकेनचे बधिर करणारे मलम लावता येते. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणावर इस्ट्रोजेनचे क्रीम उपयोगी पडते. सुगंधी साबण आणि ‘इंटिमेट वॉश’ मात्र आजच बंद करावेत.

‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळाल्यास घाई न करता, दुखणे गर्भाशयाचेच आहे हे कशावरून ठरवले, असे स्पष्ट विचारावे. स्नायूंचे किंवा मूत्राशयाचे दुखणे शस्त्रक्रियेनंतरही तसेच राहू शकते. ताप, अचानक असह्य कळ, गरोदरपणात दुखणे किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास मात्र कॅलेंडर भरत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.