कथेत मांजर आणायचं असेल तर

आधी घर बघा, मग प्राणी निवडा. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, खाली यंत्रमाग आणि वर दोन खोल्या. तिथे लॅब्रॅडॉर आणलात तर त्याचा खर्च आणि फिरवणं कुणाच्या तरी गळ्यात घालावं लागेल. मांजर मात्र आपसूक येतं. पोपट हवा असेल तर जपून: देशी पोपट पिंजऱ्यात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पात्राला हे माहीत आहे की नाही, यावरच एखादी कथा उभी राहील.

मग प्राण्याला एकच सवय द्या, पण त्या घरातलीच. "मनी फार गोड होती" असं लिहून मनी दिसत नाही. मागांच्या खडखडाटात ती टॉवेलच्या गठ्ठ्यावर निवांत झोपते आणि लाईट जाऊन माग थांबले की दचकून उठते, असं लिहिलं की दिसते. पुढे धंदा बसला, माग भंगारात गेले, तर "मनी दुपारभर जागीच होती" एवढं पुरे. मालकाला रडवायची गरज नाही.

संवादात तर प्राण्यासारखा मध्यस्थ नाही. सासरा आणि सून बोलत नाहीत. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी. सासरा म्हणतो, "मने, सांग तिला, चटणी आज बरी झालीय." सून मनीलाच उत्तर देते, "दहीपण आहे म्हणावं." मनी पंजा चाटत बसते. तिला काही कळलंय असं चुकूनही सुचवू नका.

तपशील तपासा. मांजर साधारण नऊ आठवड्यांत विते; संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत गाभण दाखवलीत, तर पाडव्याला घरात पिल्लं हवीत. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना कुत्रा अंगणात उड्या मारणार नाही. ओल्या मोरीत पोट टेकून, जीभ काढून धापा टाकेल. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. आणि लाडाने त्याला कांदाभजी भरवणार असाल, तर कांदा कुत्र्याला बाधतो हे लेखकाला तरी ठाऊक असावं.

खर्डा झाला की प्रत्येक प्रसंगात विचारा: आत्ता ती कुठे आहे? वरच्या सासऱ्याच्या कथेत माझी मनी तिसऱ्या पानानंतर गायबच झाली होती. बायकोने वाचून एवढंच विचारलं, "तिला खायला कोण घालतंय?" मग सातव्या पानावर सासऱ्याला चहाचं दूध बशीत ओतायला लावलं. त्या दिवशी तो कोराच चहा प्याला.