बाटली एकच, पण पेग किती?

बिअर घेताना ब्रँडच्या आधी लेबलाच्या कोपऱ्यातला बारीक आकडा वाचा. माइल्ड म्हणजे साधारण 5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, स्ट्राँग म्हणजे 8 टक्क्यांपर्यंत. फरक किरकोळ वाटतो, पण 650 मिलीच्या बाटलीचा हिशेब करून बघा: माइल्डमध्ये साडेबत्तीस मिली शुद्ध अल्कोहोल, स्ट्राँगमध्ये 52. म्हणजे व्हिस्कीच्या 30 मिलीच्या चार पेगांइतकं अल्कोहोल, एकाच बाटलीत! ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा. रंगावर तर अजिबात जाऊ नका. काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट जेमतेम 4.2 टक्क्यांची असते. आणि गाडी चालवायची असेल, तर माइल्डसुद्धा नको. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात फक्त 30 मिलिग्रॅम आहे.