ऑस्ट्रेलियात घरगुती डे केअर चालवताय? सरकारी रेटिंगची तयारी अशी करा

सिडनीत वेस्टमीड-वेंटवर्थविलकडे किंवा मेलबर्नला टारनेट-पॉइंट कुककडे घरी मुलं सांभाळणारी एखादी ताई ओळखीत असतेच. इकडे या व्यवसायाचं रीतसर नाव फॅमिली डे केअर. मुलं सांभाळणं बहुतेकींना छान जमतं. ‘असेसमेंट अँड रेटिंग’ची पाळी आली की मात्र घरात धावपळ सुरू होते. नवी खेळणी येतात, भिंतीवर पोस्टर लागतात, फाइलींना रंगीत टॅब चिकटतात. यातल्या बऱ्याच गोष्टींनी रेटिंग तसूभरही हलत नाही. ते कशाने हलतं, ते क्रमाने सांगते.

पायरी १: रेटिंग कुणाचं होतं ते आधी समजून घ्या

२०१२ पासून देशभर एकच चौकट लागू आहे, नॅशनल क्वालिटी फ्रेमवर्क. तिच्यातलं मोजमाप म्हणजे नॅशनल क्वालिटी स्टँडर्ड: ७ क्षेत्रं, १५ मानकं आणि त्यांखाली ४० बारीक मुद्दे. शैक्षणिक कार्यक्रम, मुलांचं आरोग्य आणि सुरक्षितता, जागा, कर्मचारी, मुलांशी नातं, पालक आणि समाजाशी सहकार्य, कारभार आणि नेतृत्व ही ती सात क्षेत्रं.

रेटिंग तुमच्या घराला मिळत नाही. ते तुम्ही ज्या सर्व्हिसशी, म्हणजे अशा अनेक घरांचा कारभार बघणाऱ्या संस्थेशी, जोडलेल्या आहात, तिला मिळतं. राज्याच्या नियामक संस्थेचे अधिकारी सर्व्हिसच्या कार्यालयात जातात आणि तिच्या एज्युकेटरांपैकी, म्हणजे तुमच्यासारख्या घरी मुलं सांभाळणाऱ्यांपैकी, काहींची घरं बघतात. त्यात तुमचं घर आलं, तर त्या दिवशी तुम्ही बाकी सगळ्यांच्या वतीने उभ्या असता.

आता हिशोब पाहा. ४० मुद्द्यांपैकी एक जरी ‘पूर्ण नाही’ ठरला, तरी ते मानक, ते क्षेत्र आणि अखेर सगळी सर्व्हिस ‘वर्किंग टुवर्ड्स’मध्ये, म्हणजे ‘अजून मानकापर्यंत पोचायची आहे’ या गटात जाते. माझ्या मते हे जरा कठोरच आहे, पण नियम तसा आहे. त्याच्या वर ‘मीटिंग’ (मानक गाठलं), त्याच्या वर ‘एक्सीडिंग’ (मानकाहून सरस). ‘एक्सलंट’ हा वेगळा मान आहे. ‘एक्सीडिंग’ मिळालेल्या सर्व्हिसने त्यासाठी राष्ट्रीय संस्थेकडे, म्हणजे एसेक्वाकडे, स्वतंत्र अर्ज करायचा असतो. तळाला ‘सिग्निफिकंट इम्प्रूव्हमेंट रिक्वायर्ड’ आहे. ते आलं तर प्रकरण गंभीर आहे असं समजा.

म्हणून अजून कुठल्या सर्व्हिसशी जोडल्या गेला नसाल, तर फी किती कापतात हे विचारण्याआधी तिचं रेटिंग बघा. सरकारच्या ‘स्टार्टिंग ब्लॉक्स’ संकेतस्थळावर ते सगळ्यांसाठी खुलं असतं. मग विचारा: को-ऑर्डिनेटर, म्हणजे एज्युकेटरांना मदत करणारी आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी सर्व्हिसची व्यक्ती, घरी किती वेळा येते, आल्यावर काय करते? नियमाप्रमाणे नव्या सर्व्हिसला पहिल्या वर्षी दर १५ एज्युकेटरांमागे एक को-ऑर्डिनेटर लागते, पुढे जास्तीत जास्त २५ मागे एक. ती फक्त टाइमशीट मागायला फोन करत असेल, तर रेटिंगच्या वेळी तुम्ही एकट्या पडाल.

पायरी २: कागदपत्रं

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. सर्टिफिकेट थ्री (बालसंगोपनाच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र), वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे मुलांसोबत काम करण्याआधीची पार्श्वभूमीची तपासणी (क्वीन्सलँडमध्ये ब्लू कार्ड), फर्स्ट एड, अॅनाफिलॅक्सिस (तीव्र, जीवघेणी अॅलर्जी) आणि अस्थमाचं प्रशिक्षण, किमान १ कोटी डॉलरचा पब्लिक लायबिलिटी विमा. सीपीआरची उजळणी दर वर्षी, बाकी फर्स्ट एड दर तीन वर्षांनी. फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची आठवण लावून ठेवा, की झालं.

एका वेळी जास्तीत जास्त ७ मुलं, आणि त्यांतली शाळेत न जाणारी ४ पेक्षा जास्त नकोत, हे तुम्हाला पाठच असेल. तुमची स्वतःची १३ वर्षांखालची मुलं घरात असतील आणि त्यांना बघायला दुसरं मोठं माणूस नसेल, तर तीही या सातात धरली जातात. सुट्टीत हा हिशोब हमखास चुकतो.

पायरी ३: मुलाच्या उंचीवरून घर बघा, आणि मग मराठी घर म्हणून बघा

गुडघ्यांवर बसून सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारा. जमिनीपासून पाऊण मीटरपर्यंत जी काच मुलांच्या हाताशी येते, ती सेफ्टी ग्लास हवी, किंवा फुटली तरी विखुरणार नाही अशी फिल्म लावलेली हवी. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या वर बांधा. आपत्कालीन बाहेर पडण्याचा नकाशा बाहेर जाणाऱ्या प्रत्येक दाराजवळ हवा, आणि दर तीन महिन्यांनी मुलांसकट सराव करून त्याची नोंद हवी.

हे छापील चेकलिस्टमध्ये सापडतं. आपल्या घरांतल्या ज्या गोष्टी त्यात नसतात, त्या अशा:

शेंगदाण्याचा कूट. आपल्या स्वयंपाकघरात तो खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत कुठेही असतो आणि आपल्याला तो वेगळा घटक वाटतही नाही. अॅलर्जी असलेलं मूल घेतलंत, तर त्याच्या डॉक्टरने दिलेला अॅक्शन प्लॅन, धोका कमी करण्याची लेखी योजना आणि औषध हाताशी हवं. पण अधिकारी त्याहून पुढचा प्रश्न विचारू शकतात: ‘डबा आणि मिक्सरचं भांडं वेगळं आहे का?’ मूल तुमच्याकडे असेपर्यंत कूट घरातूनच बंद करणं मला तरी सगळ्यात सोपं वाटतं.

मध. बारा महिन्यांखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर चाटवायलासुद्धा नाही. आजी काहीही म्हणोत.

देवघर. समई, उदबत्ती आणि काड्यापेटी मुलांच्या वेळेत हाताला लागता कामा नये, हे कळतंच. पण कापूर विसरला जातो. पांढऱ्या वड्या गोळीसारख्या दिसतात, आणि थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. तो औषधांसारखा कुलपात ठेवा. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्याही उशाशी नकोत, त्याच कपाटात जाऊ द्या.

सासू-सासरे म्हटल्यावर पुढचा मुद्दा आलाच. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरील प्रत्येक माणसाची माहिती सर्व्हिसला द्यावी लागते आणि त्याचा वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतो. तिकीट काढलंत की त्याच आठवड्यात को-ऑर्डिनेटरला कळवा. ‘ते काय, आजी-आजोबाच तर आहेत’ हे उत्तर इथे चालत नाही.

आणि पाहुणे. मुलं घरात असताना जो कोणी येईल त्याचं नाव, सही, आल्याची आणि गेल्याची वेळ वहीत हवी. वाटी घ्यायला आलेली शेजारीणही त्यात आली. पाहुण्याजवळ मुलाला एकटं सोडायचं नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. गणपती बसवत असाल, तर दर्शनाची वेळ संध्याकाळी सहानंतर ठेवा आणि आमंत्रणातच तसं लिहा. नाहीतर त्या आठवड्यात एक हात वहीवर आणि एक मुलांवर ठेवावा लागेल.

पायरी ४: नोंदी कमी लिहा, पण त्यात मूल दिसू द्या

सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. अधिकाऱ्यांना तुमचं ‘प्लॅनिंग सायकल’ बघायचं असतं: मुलात काय दिसलं, त्याचा काय अर्थ लावलात, म्हणून पुढे काय योजलंत, आणि नंतर काय झालं. शिकण्याची राष्ट्रीय चौकट, म्हणजे अर्ली इयर्स लर्निंग फ्रेमवर्क, पाच अपेक्षित परिणाम सांगते: स्वतःची ओळख, आसपासच्या जगाशी नातं, स्वास्थ्य, आत्मविश्वासाने शिकणं आणि संवाद. २०२२ अखेर तिची दुसरी आवृत्ती आली. जुनी प्रत वापरत असाल तर बदला.

अनेक वह्यांत अशी नोंद दिसते:

‘आज मुलं कणकेशी खेळली. सगळ्यांना खूप मजा आली. परिणाम ४.’

यातून काहीच कळत नाही. तोच प्रसंग असा लिहून बघा:

‘इरा (२ वर्षं ९ महिने) पोळ्यांच्या वेळी शेजारी बसली. कणकेचे तीन गोळे ओळीत ठेवून “वन, टू, टू” म्हणाली. मग एक मोठा गोळा करून “हा बाबा” म्हणून टोकाला ठेवला. आकारानुसार वेगळं करणं जमतंय. मोजताना वस्तूला बोट लावते, पण तिसऱ्याचं नाव येत नाही. उद्यापासून ताटल्या मांडताना तिला सोबत घेणार, मराठी-इंग्रजी दोन्हीत मोजणार. आईला सांगितलं, त्या म्हणाल्या, घरी जिन्याच्या पायऱ्या मोजतात.’

आणि आठवड्याने खाली दोन ओळी: ‘चार ताटल्या मांडल्या. “एक, दोन, तीन” बरोबर. चौथीला थांबली आणि माझ्याकडे बघितलं.’

(इरा हे नाव बनवलेलं आहे, नोंदी मात्र अशाच असाव्यात.)

या एका नोंदीत निरीक्षण, अर्थ, योजना, पालकांचा सहभाग आणि पाठपुरावा असं सगळं आलं. अंक आणि चिन्हांची समज संवादाच्या परिणामात, म्हणजे पाचव्यात बसते. तिच्या घरची भाषा जपणं पहिल्यात येतं. मराठी मुलांशी मराठीत बोलणं लपवू नका. चौकट घरच्या भाषेला पाठबळच देते, आणि ही तुमची जमेची बाजू आहे. अशी नोंद प्रत्येक मुलामागे रोज एक नको. थोड्या लिहा, पण पाठपुरावा सोडू नका.

फोटो काढत असाल, तर आधी सर्व्हिसचं डिजिटल साधनांबद्दलचं धोरण वाचा. तो विषय आता फार कडक झाला आहे. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाता कामा नये, कितीही गोड असला तरी.

स्थानिक आदिवासी संस्कृतीचा आदर हेही चौकटीतलं एक मूलभूत तत्त्व आहे. भिंतीवर एक ठिपक्यांचं चित्र लावून ते पूर्ण होत नाही. तुम्ही कोणाच्या भूमीवर राहता ते माहीत हवं. पॅरामाटाच्या परिसरात दारुग लोकांची. मुलांना बागेत नेता, तेव्हा त्या नदीचा, झाडांचा उल्लेख त्या लोकांच्या संदर्भात आला, तर तो रोजच्या कामाचा भाग वाटतो.

पायरी ५: भेटीचा दिवस

अधिकारी तीन गोष्टी करतात: बघतात, बोलतात, कागद तपासतात. भेटीची पूर्वसूचना किती दिवस आधी मिळेल यावर विसंबू नका. नियामक संस्थेला न सांगता येण्याचाही अधिकार आहे.

त्या दिवशी मुद्दाम काही ‘अॅक्टिव्हिटी’ मांडू नका. नेहमीचा दिवस चालू द्या. मूल रडत असेल तर अधिकाऱ्यांना ‘एक मिनिट’ म्हणून मुलाकडे जा. पाहुण्यांना आधी चहा विचारायची आपली सवय असते, पण इथे आधी मूल. गरम चहाचा कप तसाही मुलांच्या खोलीत नको.

बहुतेक प्रश्न ‘का’ ने सुरू होतात. झोपायची जागा इथे का? बाहेर खेळायला दहा वाजताच का? ‘सर्व्हिसने सांगितलं म्हणून’ हे उत्तर सगळ्यात कमजोर. ‘दुपारी मागच्या अंगणात ऊन येतं, आणि दोघं अकराला पेंगुळतात’ हे उत्तम, आणि त्याला चांगलं इंग्रजीही लागत नाही. आदल्या आठवड्यात नवऱ्याला किंवा मैत्रिणीला घरभर फिरवा आणि प्रत्येक वस्तूपाशी ‘का?’ विचारायला लावा. उत्तर अडलं तिथे एकतर कारण शोधा नाहीतर वस्तू हलवा.

‘एक्सीडिंग’ हवं असेल, तर तीन गोष्टी दिसाव्या लागतात: चांगली पद्धत रोजच्या कामात मुरलेली आहे, तुम्ही स्वतःच्या कामाकडे चिकित्सकपणे बघता, आणि पालकांच्या व समाजाच्या सहभागातून ती घडली आहे. दुसरीसाठी एक साधी वही पुरते. ‘जेवणाआधी सगळ्यांना एकदम हात धुवायला उभं केलं की ढकलाढकली होते, आता दोघा-दोघांना पाठवते’ अशी ओळ, तारखेसह.

पायरी ६: अहवाल आल्यावर

आधी मसुदा सर्व्हिसकडे येतो. तुमच्या घराबद्दलचा भाग को-ऑर्डिनेटरकडून मागून घ्या आणि वाचा. तथ्याची चूक असेल, उदाहरणार्थ सरावाची नोंद होती पण बघितली गेली नाही, तर पुरावा लगेच द्या, कारण मसुद्यावर म्हणणं मांडायला थोडेच दिवस मिळतात. अंतिम रेटिंग मान्य नसेल, तर सर्व्हिस १४ दिवसांच्या आत नियामक संस्थेकडे फेरविचार मागू शकते. हा अर्ज सर्व्हिसलाच करावा लागतो, तुम्हाला परस्पर करता येत नाही. रेटिंग खाली आलं, तर कोणता मुद्दा अडला त्याचा क्रमांक विचारा. ‘२.२.१’ म्हणजे मुलांवरची देखरेख, ‘१.३.१’ म्हणजे वर सांगितलेलं प्लॅनिंग सायकल. क्रमांक कळला की सर्व्हिसच्या क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्लॅनमध्ये (सुधारणेच्या लेखी योजनेत) तो कुठे आहे आणि तुमच्या घरात त्यासाठी काय बदलायचं आहे, हे पुढच्या भेटीत को-ऑर्डिनेटरसोबत बसून लिहून घ्या.