बोलण्यावर बंदी आली तर ती घटनेत बसते का, हे कसं तपासायचं

ग्रुपच्या अ‍ॅडमिनने कुणाला रिमूव्ह केलं की तो माणूस लगेच दुसऱ्या ग्रुपवर जाऊन टाकतो, माझ्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याची गळचेपी झाली म्हणून. नाही रे बाबा, तसं नसतं ते. म्हणून सगळ्यात आधी एकच बघायचं, तोंड बंद कोण करतंय. सरकार, पोलीस, कलेक्टर असेल तर घटना उघडायची. अमेरिकेची १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती तर सुरूच होते "काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) असा कायदा करणार नाही" इथून, म्हणजे बोट थेट सत्तेकडे. भारतात २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने खासगी लोकांविरुद्धही हा हक्क मागायचं दार थोडं किलकिलं केलंय, पण तेवढ्यावर अ‍ॅडमिनला नोटीस पाठवायला निघू नका.

मग आपल्या घटनेचं कलम १९ वाचायचं, पण पूर्ण. लोक १९(१)(क) तोंडपाठ म्हणतात आणि १९(२) आलं की गप्प. पहिल्यात हक्क दिलाय, दुसऱ्यात तो कशासाठी आवळता येतो ते लिहिलंय, आणि अशी कारणं मोजून आठ आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. बस. युरोपच्या मानवी हक्क करारातलं कलम १० पण असंच दोन भागांत आहे, आणि अमेरिकेच्या मजकुरात अपवादच नाहीत, ते कोर्टांनी नंतर एकेक करून कोरून काढले. (१९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात पण हा हक्क १९ नंबरलाच आहे, गंमत म्हणून सांगितलं.)

आता बंदी घालणाऱ्याला विचारायचं, कुठला कायदा, कुठलं कलम. "वरून फोन आलाय, पोस्ट डिलीट कर" हा काही कायदा नाही.

कलम सांगितलं तर त्यामागचं कारण त्या आठांत बसतं का ते बघायचं, आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. पुण्याच्या 'सकाळ' पेपरची केस घ्या, १९६१ ची. सरकारने नियम केला की पेपरची किंमत इतकी असेल तर पानं इतकीच, जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा, म्हणजे एकतर वाचक तुटणार नाहीतर मजकूर कापावा लागणार. सरकारचं म्हणणं काय, तर मोठ्या पेपरांपुढे छोट्यांना जगू द्यायचंय. हेतू चांगला का असेना, पण तो १९(२) मध्ये कुठे आहे? नाहीच आहे. सुप्रीम कोर्टाने तो नियम उडवला आणि सांगितलं की पेपर किती लोकांपर्यंत पोचतो हा पण बोलण्याच्या हक्काचाच भाग. त्यामुळे "जनहितासाठी" असं मोघम लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबून बोट ठेवायचं.

पुढे शब्द बघायचे. आयटी कायद्याचं ६६अ आठवतंय? त्यात "चीड आणणारं", "गैरसोय करणारं" असले शब्द होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आता चीड कुणाला कशाने येईल याचा काही नेम आहे का, नवीन सिनेमाला भिकार म्हटलं तरी कुणाला तरी येतेच. असा कायदा असला की माणूस पोस्ट टाकायच्या आधीच स्वतःची जीभ चावतो, केस व्हायची गरजच पडत नाही. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने हे कलम रद्द केलं आणि चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या दोन, कितीही बोचऱ्या असल्या तरी, हक्काच्या आत, तिसऱ्या पायरीला हात घालता येतो.

तिसरी पायरी कधी आली हे कसं ओळखायचं तर धोका किती जवळ आहे ते बघून. अमेरिकेत १९६९ च्या ब्रँडेनबर्ग केसमध्ये कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या पुढाऱ्याची शिक्षा रद्द झाली, भाषण घाणेरडंच होतं, पण ताबडतोब दंगा घडवायला नव्हतं. आपल्याकडे १९८९ मध्ये कोर्टाने म्हटलं की बोलणं दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीसारखं असायला हवं, लांबचा अंदाज नको.

आणि एक देशी युक्ती, बोलणाऱ्याचं नाव बदलून बघा. तेच वाक्य तुमच्या नावडत्या पक्षाच्या माणसाने म्हटलं असतं तर तुम्ही हेच उत्तर दिलं असतं का? नसेल तर परत पहिल्यापासून तपासा.

शेवटी कागदाचं. आदेश लेखी मागायचा, तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवायचा, मूळ पोस्ट घाईने उडवायची नाही, वकिलाला सगळं दाखवायचं. आणि लावलेलं कलम जिवंत आहे का तेही बघा, कारण ६६अ रद्द झाल्यावरसुद्धा पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच होते, ते थांबवा म्हणून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश काढावा लागला.